न काढलेली बाजू

"बूट बाहेर काढा," रेघकाका म्हणाले.

ठेकेदाराने आधी त्यांच्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. गोदीतल्या माळ्यावरच्या फळ्या त्याने लिलावात घेतल्या होत्या, सोमवारपासून त्याची माणसं त्या उचकटून नेणार होती, आणि हा अनवाणी म्हातारा त्याला त्याच्याच लाकडावर बूट घालून चालू देत नव्हता. मागे उभ्या असलेल्या रखवालदाराने हसू दाबलं. "काढा हो साहेब," तो म्हणाला, "इथं मंत्र्यांनीपण काढले होते." ठेकेदार माणूस वाईट नव्हता. त्याने बूट काढले आणि मोज्याचं भोक दिसू नये म्हणून एक पाय दुसऱ्यामागे दडवत तो आत आला.

आतली लांबच लांब काळी जमीन पाहून तो चुकचुकला. एवढं उत्तम लाकूड आणि कोणी हे ओरखडून ठेवलंय, असं त्याने विचारलं.

"मीच," काका म्हणाले.

ठेकेदार ओशाळला. मग समजूत काढल्यासारखं म्हणाला, काही हरकत नाही, फळ्या पालथ्या घालू. रेघा खाली जातील, वरची बाजू नवीकोरी. ठेकेदार सरळ चालत पलीकडच्या खिडक्यांपर्यंत गेला. काका मात्र मध्येच उजवीकडे वळले, जिथे जमिनीवर काहीही नव्हतं अशा एका जागेला वळसा घालून पुढे गेले. रखवालदारानेही तसाच वळसा घातला. त्याला कारण ठाऊक नव्हतं. काका घालतात म्हणून सगळेच घालत आले होते.

जहाज बांधायचं तर ते आधी कुठेतरी पुरतं काढावं लागतं. कागदावर नव्हे, कागदावर काय, कोणीही काढेल. खऱ्या मापाचं, जेवढ्यास तेवढं. त्यासाठी सरकारी गोदीत हा आखणीचा माळा होता. लवचीक लाकडी पट्टी खिळ्यांमध्ये वाकवून जहाजाच्या अंगाची गोलाई जुळवायची, ती डोळ्याला पटली की खडूने आखायची, आणि खडूची पटली की सुरीने कोरायची. मग खालची माणसं त्या रेघेबरहुकूम पोलाद कापत. जागा कितीही मोठी असली तरी जहाजाला पुरत नाही, म्हणून पुढचा भाग मागच्या भागावरच काढायचा. आणि काढायची ती एकच बाजू. जहाजाची डावी-उजवी सारखीच असते, मग दोनदा कंबर कशाला मोडून घ्या?

या कामात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. लग्नाआधीच त्यांना रेघकाका म्हणू लागले होते, त्यामुळे लग्न होऊन आलेली त्यांची बायको वयाच्या विशीतच रेघकाकू झाली. पहिले काही महिने ती या नावावर फार चिडायची, पुढे दुकानदारालाही तेच नाव सांगू लागली.

गोदीचे ते दिवसच तसे होते. एक जहाज पाण्यात उतरलं की त्याच जागी दुसऱ्याची फासळी उभी राही. भोंगा झाला की रस्ता निळ्या कपड्यांनी भरून जाई, आणि गावातली घड्याळं त्या भोंग्यावर लावली जात. जहाज सोडण्याच्या दिवशी बँड वाजे, झेंडे लागत, पोरांना शाळेला सुट्टी मिळे. गोदीतल्या नोकरदाराला मुलगी द्यायची तर लोक डोळे झाकून देत. सरकारची गोदी, म्हणजे सूर्यचंद्र असेपर्यंत चालणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मग कामं बाहेरच्या देशांत स्वस्तात होऊ लागली. इथे एकेक सही मिळायला सरकारी काम आणि सहा महिने थांब. जहाजांऐवजी माल वाहणाऱ्या सपाट बार्जेस आल्या, बार्जेसनंतर पाण्याच्या टाक्या, आणि शेवटी तर गोदीत शाळांची बाकडी बनत होती. वेल्डर लोक बाकड्यांनासुद्धा जहाजासारखा दणकट जोड देत आणि स्वतःवरच हसत. आखणी संगणकावर गेली. माळ्यावर कोरलेला शेवटच्या जहाजाचा सांगाडा तसाच राहिला, कारण त्यावर नवीन काढायची वेळच आली नाही. त्यावर काळा रंग मारून झाला होता, पण सुरीच्या रेघा रंगाला दाद देत नाहीत.

गोदी बुडाली, असं गावात सगळे म्हणत. काकूंसमोर मात्र कोणी तो शब्द काढत नसे. त्यांच्यासमोर गोदी 'बसली' असायची.

कारण त्या शेवटच्या सांगाड्यावरून बांधलेलं जहाज खरोखरच बुडालं होतं, आणि त्यावर त्यांचा मुलगा इंजिनखात्यात होता.

त्याची नेमणूक त्या जहाजावर झाली तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं होतं. बापाने काढलेलं जहाज लेक चालवणार, हे ते गल्लीभर सांगत सुटले होते. निघायच्या दिवशी दोघं त्याला पोचवायला धक्क्यावर गेली. मुलाने वर बोलावलं, या ना, माझी खोली बघा. काकू शिडीवर दोन पावलं चढल्या आणि खाली हलणारं पाणी बघून त्यांना घेरी आली. "पुढच्या खेपेला बघेन," असं म्हणून त्या खाली उतरल्या. काका एकटेच वर गेले. मुलाच्या अंथरुणावर बसून त्यांनी खोली डोळ्याने मोजून घेतली. सवयच ती. मुलगा म्हणाला, "बाबा, माप बरोबर आलंय ना? नाहीतर आत्ताच सांगा, उतरतो." दोघंही हसले होते.

पुढची खेप झालीच नाही. वादळ, सरकलेला माल आणि काळोख, एवढंच चौकशीत निघालं. बांधणीत दोष नव्हता, आखणीत तर नव्हताच. माणसांपैकी काही सापडली, मुलगा सापडला नाही. निरोप द्यायलासुद्धा काही हाती आलं नाही. बातमी आली त्या दिवशी काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या जहाजानं नेलं माझं पोर." संध्याकाळी त्यांनी एक प्रश्न विचारला, "केवढी होती हो त्याची खोली?" काकांना उत्तर इंचाइंचाने ठाऊक होतं. पण ते उठून बाहेर गेले. काकूंनी परत कधी विचारलं नाही, आणि गोदीत कधी पाऊल ठेवलं नाही.

घर चाललं होतं. जेवण वेळेवर होत होतं, दुखण्याखुपण्याला एकमेकांचं करणं होत होतं, शेजारपाजारी दोघांचं कौतुकच होतं. फक्त तो प्रश्न दोघांच्या मध्ये बसलेला असे, आणि दोघं त्याच्याभोवतीने वावरत.

माळ्यावरही तेच. खोली त्या जहाजाच्या उजव्या अंगाला होती आणि काकांनी काढलं होतं डावं. तरी मधल्या रेघेपासून पलीकडे मोजलं की कोऱ्या जमिनीवर नेमकी कुठे ती येते, हे त्यांना बघावंही लागत नसे. माळा रिकामा असला, की दुपारी त्या कोऱ्या जागेतून कूस बदलल्यासारखा आवाज येई. ऊन चढलं की लाकूड करकरतं, हे काकांना कोणी शिकवायला नको होतं. आपण भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हेत, असं ते स्वतःला बजावत, आणि बजावून झालं की वळसा घालत. निवृत्त झाले तरी ते रोज येत राहिले. रखवालदाराला वाटे, म्हाताऱ्याला घरी करमत नाही. खरं म्हणजे, त्या आवाजाला एकटं सोडून राहणं त्यांना जमत नव्हतं.

आता सोमवारी फळ्या निघणार होत्या. मग खोली कुठे होती हे दाखवायला पृथ्वीच्या पाठीवर जागा उरणार नव्हती.

ठेकेदार येऊन गेला त्या संध्याकाळी काकू भाजी निवडत होत्या. काका समोर येऊन बसले, उठले, पाणी प्यायले, परत बसले.

"सोमवारी माळ्यावरच्या फळ्या काढतायत," ते म्हणाले.

"काढू देत."

"तू विचारलं होतंस. खोली केवढी होती म्हणून."

काकूंचा हात थांबला. "इतक्या वर्षांनी तोंड फुटलं तुम्हाला?"

"सांगता येणार नाही मला. दाखवता येईल. रविवारी गोदीत कोणी नसतं."

काकूंनी उरलेली भाजी निवडली, देठं गोळा केली आणि आत गेल्या. नाही म्हणाल्या नाहीत. पण त्यांच्या नाही न म्हणण्याला काही अर्थ नसतो, हे काका संसारभर शिकले होते. शनिवारही तसाच गेला. घरात भांड्यांचा तेवढा आवाज.

रविवारी सकाळी काका निघायला म्हणून उठले, तर काकू केस विंचरून, चांगले कपडे घालून दारात उभ्या होत्या. कोणाकडे तरी पाहुण्या म्हणून जावं तशा.

गोदीच्या फाटकाशी रखवालदाराने काकूंना पाहिलं आणि त्याच्या तोंडचा विनोद तोंडातच राहिला. तो कुलूप काढून बाजूला झाला. क्रेन गंजून एका अंगाला झुकली होती. जहाजं जिथून पाण्यात सोडत त्या उतारावर कमरेएवढं गवत माजलं होतं, आणि अर्धवट राहिलेल्या एका बार्जच्या सांगाड्यात कबुतरं घुमत होती. "केवढा गोंगाट असायचा," काकू एकदाच म्हणाल्या. काकांनी मान हलवली. शांतता त्यांनाही अजून सवयीची झाली नव्हती.

माळ्यावर त्यांनी काकूंना कोरलेल्या रेघा दाखवल्या. ही नाळ, म्हणजे पुढचं टोक, हा डेक, इथून पोट सुरू होतं. काकू वाकून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे अर्धंच कसं?"

"एकच बाजू काढतात. दुसरी तशीच असते."

"तो कुठल्या बाजूला होता?"

"न काढलेल्या."

काकांनी खिशातून खडू काढला. वळसा न घालता ते पहिल्यांदाच त्या जागेत शिरले. गुडघे टेकवून ते आखू लागले. ही बाहेरची भिंत, जहाजाच्या अंगाबरोबर किंचित वळलेली. ही पुढची, ही मागची, ही आतली. ही झोपायची फळी. हे कपाट, हे टेबल, भिंतीला लावलेलं. हात म्हातारा झाला होता, पण रेघ सरळ येत होती. आखून झालं तेव्हा त्यांना धाप लागली होती.

काकू आत आल्या. चारी बाजूंनी नजर फिरवली. "एवढीशीच?" त्या म्हणाल्या. मग, "डोकं कुठल्या अंगाला करायचा?"

काकांनी दाखवलं. काकू झोपायच्या फळीच्या कडेवर, म्हणजे जमिनीवरच, बसल्या आणि उशीच्या जागी तळवा टेकवला. बराच वेळ टेकवला. खिडकी होती का, विचारलं. गोल होती, काका म्हणाले, पाणी दिसायचं तिच्यातून. काकूंनी भिंतीपलीकडे हात पुरवून कोरलेल्या एका लांब रेघेवरून बोट फिरवलं, जिथवर पोचलं तिथवर.

"हात चांगला होता तुमचा," त्या म्हणाल्या.

काकांच्या डोळ्यांना धार लागली. चौकशीवाल्यांनीही त्यांना हेच सांगितलं होतं, सहीशिक्क्यासकट. तेव्हा त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

काकू उठायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. एकदा खोलीभर पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आणि दार?"

काकांनी रेघांकडे पाहिलं. चारी बाजू बंद होत्या. एक फटसुद्धा नव्हती. "दारं आम्ही काढत नाही," ते चाचरत म्हणाले. "आमच्याकडे नुसतं अंग. दारं सुतारखात्याची."

"मग तो बाहेर कसा येणार हो?"

जन्मभर काकांनी जहाजं आखली होती, आणि एवढी वर्षं रोज इथे येऊन मनातल्या मनात ही खोली आखली होती. प्रत्येक वेळी चारी भिंती बंद.

"कुठं होतं ते सांगा," काकू म्हणाल्या.

त्यांनी जहाजातल्या मधल्या बोळाकडची भिंत दाखवली, झोपायच्या फळीच्या पायथ्याकडच्या कोपऱ्याजवळ. काकू खाली बसल्या आणि तळहाताने ती रेघ पुसू लागल्या. खडू लाकडाच्या भेगांत शिरला होता, लवकर निघेना. त्यांनी हात ओला करून घासलं. माणूस सहज जाईल एवढी जागा मोकळी झाली, तरी त्या आणखी थोडं घासत राहिल्या. मुलगा अंगाने भरलेला होता, खांदे रुंद होते.

मग त्या उठल्या, त्या फटीतून बाहेर आल्या. काकाही मागोमाग आले. काकू दारासमोर थांबल्या नाहीत. मागून येणाऱ्याला वाट राहावी म्हणून एका बाजूला सरून उभ्या राहिल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेही दुसऱ्या बाजूला सरले.