मुकुटवाला बोंबील

रविवारची मिस्सा आटोपून पापडी गावच्या चर्चच्या फाटकातून बाहेर पडताना फर्डिनंडने फोन उघडला आणि तिथल्या तिथे त्याचं डोकं फिरलं. त्याच्या गेमच्या टोळीतल्या विघ्नेशने नवा व्हिडिओ टाकला होता. 'ब्लॅक टाइडची दहा वर्षं : आमचा झेंडा जगाने पाहिला तो दिवस.' चौकटीत विघ्नेशचा गुळगुळीत हसरा चेहरा आणि त्याच्या शेजारी तो झेंडा. निळ्या कापडावर डोक्यावर मुकुट घातलेला बोंबील.

"हा लोगो मी बनवला होता, दोस्तांनो," व्हिडिओत विघ्नेश सांगत होता. "कॉलेजच्या लास्ट बेंचवर बसून."

"खोटारडा, हरामी!" फर्डिनंड एवढ्याने ओरडला की पुढे चाललेल्या दोन म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिलं.

"आत्ताच कम्युनियन घेतलंयस," त्याची बायको रोझलिन दात आवळून म्हणाली. "घरी जाईपर्यंत तरी तोंड सांभाळ."

फर्डिनंडला तिचं बोलणं ऐकू आलं नाही. ड्रेकमूर हा ऑनलाइन गेम तो कॉलेजपासून खेळत होता. विम्याच्या कंपनीत दिवसभर लोकांचे क्लेम तपासायचे आणि घरी आलं की ड्रेकमूरमधल्या आपल्या टोळीचं सरदारपद सांभाळायचं, असं त्याचं आयुष्य दोन भागांत वाटलेलं होतं. कुठला भाग खरा, हे रोझलिनने लग्नानंतर काही महिन्यांतच ओळखलं आणि विचारायचं सोडून दिलं होतं.

त्या सगळ्या वर्षांत एक संध्याकाळ त्याने देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी जपली होती. विघ्नेशचे आईवडील साताऱ्याला गेले होते. एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टोळीची पोरं टीव्हीला लॅपटॉप जोडून बसली होती. गेमची कंपनी 'ब्लॅक टाइड' हा नवा अपडेट जाहीर करणार होती. तोवर ड्रेकमूरमध्ये नुसती जमीन होती. किल्ले, जंगलं, डोंगर, आणि चारी बाजूंना धुक्याची भिंत, जिच्या पलीकडे कुणाला जाता येत नव्हतं. पडद्यावर ती भिंत हळूहळू विरली आणि मागे समुद्र दिसला. काळा, अफाट, हलता समुद्र. नेट मध्येच अडकलं तेव्हा सगळे श्वास रोखून बसले. मग गलबतं दिसली, खऱ्या खेळाडूंच्या टोळ्यांचे झेंडे लावलेली, आणि त्यांतल्या एका शिडावर मुकुट घातलेला बोंबील होता! फर्डिनंडच्या जिगरी दोस्ताने, एरॉलने काढलेला! सगळे असे किंचाळले की खालच्या मजल्यावरचा माणूस काठी घेऊन वर आला. फर्डिनंड एरॉलच्या गळ्यात पडून रडला होता.

त्यानंतर कंपनीने किती अपडेट आणले. प्रत्येक वेळी फर्डिनंड ग्रुपवर लिहायचा, 'ब्लॅक टाइडची सर याला नाही.' नवी पोरं त्याला आजोबा म्हणायची. म्हणू देत. पण झेंडा?

त्याने व्हिडिओखाली लिहिलं, 'झेंडा एरॉलने काढला. खोटं बोलायची लाज वाटत नाही?' घरी पोचून शर्ट बदलेपर्यंत उत्तरं आली होती. 'आजोबा, गोळी घेतली का?' 'कोण एरॉल?' 'याला सरदारकीवरून काढा रे, पकवतो.' मग त्याचं वाक्यच गायब झालं. विघ्नेशने ते पुसून टाकलं होतं.

फर्डिनंडने स्कूटर काढली. "जेवण?" रोझलिनने दारातून विचारलं. त्याने किक मारली.

एव्हरशाईनमध्ये दार उघडलं ते विघ्नेशच्या आईने, आशालताकाकूंनी. "त्याला संध्याकाळच्या लाइव्हची तयारी करायचीय," त्या म्हणाल्या. "नवीन अपडेट आहे ना आज. तू नंतर ये." फर्डिनंड त्यांच्या बाजूने आत घुसला.

विघ्नेश गोल दिव्यासमोर आरशात बघून केस सारखे करत होता. त्याने आरशातूनच पाहिलं. "आलास? मला वाटलंच."

"झेंडा कुणाचा?"

"एरॉलचा. मग?"

"मग व्हिडिओत काय भुंकलास?"

"हळू. घरात आई आहे." विघ्नेश खुर्चीसकट वळला. "एरॉलला फोन केला होता मी. म्हटलं, तुझं नाव घेऊ का? तो म्हणाला, माझं नाव कुठेच नको, तुझंच सांग. बस्स."

"एरॉल असं म्हणणार नाही."

"मग जाऊन विचार ना. कळंबला कॉटेज चालवतो तो. माहीत नव्हतं?" विघ्नेश हसला. "तुझा जिगरी ना तो? फर्डी, तुला तो झेंडा पाहिजे. झेंडा काढणारा कधी पाहिजे होता? त्याला टोळीतून हाकललं कुणी? मी?"

फर्डिनंडने दिव्याच्या दांड्याला लाथ घातली. दिवा भिंतीवर आपटून फुटला आणि काचा गादीवर उडाल्या. आशालताकाकू धावत आल्या. "नालायका, हे माझं घर आहे! नीघ! परत पाऊल ठेवलंस तर सोसायटीच्या वॉचमनला बोलवीन!" लिफ्ट येईपर्यंत त्या दारात उभं राहून बोलत होत्या आणि शेजारचे दरवाजे एकेक करून उघडत होते.

निर्मळवरून कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत फर्डिनंड मनातल्या मनात विघ्नेशशी भांडत राहिला. एरॉल आपली बाजू घेईल याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. एरॉलला संताप येईल. दोघं मिळून उद्याच व्हिडिओ करतील, खरा.

एरॉल सुरूच्या झाडांमध्ये दोरीवर चादरी वाळत घालत होता. पोट सुटलं होतं, दाढीत पांढरे केस आले होते. रविवारची गिऱ्हाइकं समोर बाजांवर बसून तळलेली मांदेली खात होती. फर्डिनंडला पाहूनही त्याचा हात थांबला नाही.

"खोली रिकामी नाही," तो म्हणाला.

"एरॉल, मी आहे. फर्डी."

"दिसतंय मला."

फर्डिनंडने घाईघाईने सगळं सांगितलं. व्हिडिओ, पुसलेलं वाक्य, फुटलेला दिवा. एरॉल चादरीची टोकं जुळवत ऐकत होता.

"मीच सांगितलं त्याला," तो शेवटी म्हणाला.

"पण का? तो तुझा होता!"

"माझा होता ना? मग मी कुणालाही देईन. तू कोण विचारणारा?"

"मी तिथे होतो! ती संध्याकाळ आठव जरा. धुकं विरलं, समुद्र दिसला, तुझा बोंबील आला. त्यासारखं आपल्या आयुष्यात परत काही झालंय का?"

"तुझ्या नसेल झालं." एरॉलने चिमटा चादरीवर दाबला. "मला त्याच वर्षीचा पावसाळा आठवतो. डॅडी हॉस्पिटलात, आयसीयूत. मी बाहेरच्या बाकावर. गेममधली किल्ल्याची लढाई माझी चुकली म्हणून तू सगळ्या टोळीला कॉलवर घेतलंस आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, 'घरची रडगाणी सांगणाऱ्यांनी पत्ते खेळावेत.' मी काही बोलायच्या आत मला काढून टाकलंस."

"मला माहीत नव्हतं तेव्हा की इतकं..."

"नंतर माहीत झालं ना? डॅडी गेले. चर्चच्या फळ्यावर नाव लागलं. अख्खी पापडी मयताला आली. आमच्याशी बांधावरून भांडणारे आले. विघ्नेश आला, साताऱ्याचा माणूस, पहिल्यांदा चर्चमध्ये. कुठे उभं राहायचं कळत नव्हतं त्याला, पण आला. आणि तू पाच घरं टाकून राहतोस."

"कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"आज आलास की. याच तोंडाने." एरॉल आता थेट त्याच्याकडे पाहत होता. "बापासाठी नाही आलास, बोंबलासाठी आलास."

बाजांवरची माणसं खाणं थांबवून बघू लागली होती. फर्डिनंडचे कान तापले. "तूही कधी काही बोलला नाहीस! एक फोन करायचा होतास, चार शिव्या द्यायच्या होत्यास!"

"मी गप्प राहिलो म्हणून चूक माझी?" एरॉलने रिकामी बादली उचलली. "जा इथून. मला गिऱ्हाइकं बघायचीत. आणि परत त्या झेंड्याचं नाव काढत माझ्या दारात आलास तर हात उचलीन, सांगून ठेवतो."

फर्डिनंड परत पापडीला आला तेव्हा दिवेलागण झाली होती. रोझलिनने त्याच्याकडे पाहिलं. ताटावरचं झाकण काढून ती मळ्यात पाण्याची मोटर बंद करायला निघून गेली. फोन सारखा थरथरत होता. नव्या अपडेटचं लाइव्ह सुरू व्हायला आलं होतं. ग्रुपवर पोरं मस्तीत होती, कुणीतरी आजोबांची चेष्टा करणारं चित्रही टाकलं होतं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट परत झाकून ठेवलं. फोन टेबलावर ठेवून तो चपला घालून बाहेर पडला.

एरॉलची आई, हेलन आंटी, पाच घरं पलीकडे एकटीच राहत होती. तिने दार अर्धवट उघडलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"काय पाहिजे?"

"काही नाही. भेटायला आलो."

"एरॉलच्या डॅडीला भेटायला आला असशील तर उशीर झाला."

तो उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला.

"मच्छर येतात," ती खेकसली. "आत ये नाहीतर घरी जा. दार धरून उभा राहू नकोस."

तो आत गेला. तिने पाणी विचारलं नाही. टीव्हीवर मालिका चालू होती, ती खुर्चीत बसून पाहू लागली. तो समोरच्या बाकावर बसला. जाहिराती लागल्या तेव्हा तिने मान न वळवता विचारलं, "मयताला का नाही आलास?"

ऑफिसातून रजा मिळाली नाही, हे उत्तर त्याने कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं.

"भीती वाटली," तो म्हणाला.

"मेलेल्या माणसाची?"

"नाही. एरॉलची."

हेलन आंटीने हूं केलं. ते क्षमेचं नव्हतं, नुसतं ऐकल्याचं होतं. मालिका पुन्हा सुरू झाली तशी तिने आवाज वाढवला. फर्डिनंडला त्या मालिकेतलं एकही माणूस ओळखीचा नव्हता. तरी तो ती संपेपर्यंत बसून राहिला, आणि तिने त्याला ऊठ म्हटलं नाही.