भावजीचं थोबाड माझ्या गळ्यात

मी राक्षस बोलतोय. खिळ्याला टांगलंय मला, जबडा गोंदानं बंद केलाय, तरी बोलतोय. काय करणार? आणखी गोंद ओताल? ओता!

माझा जन्म एका पैजेतून झाला. हे टीव्हीसाठी बाहुल्या आणि खोटे महाल बनवायचं वर्कशॉप. बाहुल्या वहिनी करते, महाल तिचा दीर. त्याला सगळेच भावजी म्हणतात, वॉचमनसुद्धा. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

मुलांच्या मालिकेला राक्षस हवा होता. वहिनी म्हणाली, "भावजी, तोंडावर लगदा थापते. सुकेपर्यंत गप बसून दाखवा. बोंबलाल!"

"मी? हॅ! दाढ उपटताना घोरत होतो मी. थापा!"

बसला शहाणा. नाकात दोन नळ्या, वरून थंडगार लगदा. लगेच गड्याची टरकली. गाल आत गेले, वरचा ओठ नाकाकडे पळाला. पण बोंबलला नाही. पैज जिंकला, आणि ते टरकलेलं थोबाड साच्यात जसंच्या तसं उतरलं. वहिनीनं त्यात रबर ओतलं, काचेचे डोळे बसवले, शिंगं चिकटवली. झालो मी!

माणसं मला मुळीच आवडत नाहीत. मानेतून घामट हात घालतात आणि वर विचारतात, "याला वास कसला येतोय?" तुमचाच येतोय, गाढवांनो!

डायरेक्टर मात्र मला बघून खूश. "असलं भिकार तोंड सुचलं कुठून, बाई?"

कुठून ते सगळ्यांनी ओळखलं. मग काय, भावजी दिसला की, "काय राक्षस, चहा घेणार?" घरी पोरगी मागे लागली, "बाबा, तसं तोंड करा ना!" गडी धुमसायला लागला. येता-जाता माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघायचा.

शूटिंगचा दिवस उजाडला. मी गर्जना करायची, राजकन्या झालेल्या पोरीनं पळायचं. बाहुलीवाला खालून दोरी ओढतोय, ओढतोय, माझा जबडा हलेना! आत गोंदाचा दगड झालेला. राजकन्या बिचारी उगाचच पळाली.

डायरेक्टर उखडला. "हे काम, बाई? गुंडाळा तुमच्या बाहुल्या! दुसरं वर्कशॉप बघतो मी."

"निघताना मी स्वतः हलवून बघितला होता, साहेब."

"मग काय भुतानं चिकटवला?"

वहिनी एकेक बाहुली ट्रंकेत भरायला लागली. एरवी एकाला दहा ऐकवणारी बाई, आज मान खाली घालून बाहुल्या मोजत होती. बरं वाटायला हवं होतं मला. नाही वाटलं.

तेवढ्यात राजकन्येनं माझ्याकडे बघितलं, मग महालाच्या कोपऱ्याकडे. "अय्या! दोन राक्षस!"

कोपऱ्यात भावजी. गाल आत, ओठ नाकाकडे. शिंगं तेवढी कमी.

सगळ्यांच्या माना वळल्या. भावजी सटकला तो थेट महालाच्या दाराकडे, आणि धाडकन आपटला. दार फळीवर रंगवलेलं होतं. त्यानंच रंगवलं होतं, येड्यानं!

कोणी हसलं नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी?"

तो नाक चोळत उठला. "साहेब, हिचं काम चोख आहे. गोंद मी ओतला. चिडवत होते सगळे, म्हणून मी ओतला. वहिनी, ती ट्रंक रिकामी करा."