गोविंदपुरमची तीस पोती

कुंभकोणमच्या सरकारी धान्यगोदामात सेतुराम अठ्ठावीस वर्षं वाटपाचा कारकून होता. बासष्ट रेशन दुकानं त्याच्या डोक्यात राहत होती म्हणा ना! कुठल्या दुकानाला किती पोती, कुठे उकडा तांदूळ खपतो, कुठे पच्चरिसी म्हणजे न उकडलेला लागतो, कुठला लॉरीवाला कॉफीला कुठे दडी मारतो, काहीही विचारा. वही उघडायचं नाव नाही. नवा दुकानदार आला की हमालच सेतुरामाकडे बोट करून आदराने सांगायचे, अय्यांना विचारा. पगार काय, सगळ्यांनाच मिळतो. सेतुराम जगत होता तो या दोन शब्दांवर.

आणि १९९१ साली गोदामात कॉम्प्युटर आला.

आधी त्याची खोली आली. काचेची, आणि वर एसी! ज्याने अठ्ठावीस वर्षं पोत्यांच्या धुळीत घाम गाळला त्याच्या डोक्यावर कुरकुरणारा एक पंखा, आणि कालच्या डब्याला थंडगार हवा. डब्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, दाराशी पाटी लागली, चपला काढून आत यावे. ‘‘देवळात काढतो तेवढं पुरे आहे,’’ सेतुराम म्हणाला आणि महिनाभर तिकडे फिरकला नाही.

डब्यामागोमाग तिरुच्चीहून त्रिपुरसुंदरी आली. चोवीस वर्षांची, डबा चालवायला. परकी असती तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या, पण ही निघाली सेतुरामाच्या चुलतबहिणीची लेक. तिने सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला आणि भोवतालच्या तमिळ गलक्यात, दोघांच्या घरी पिढ्यानपिढ्या बोलल्या जाणाऱ्या मराठीत म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे.’’ सेतुरामाने आशीर्वाद दिला. द्यावाच लागला.

पुढच्या सहा महिन्यांत काय झालं ते सांगायला नको. सकाळची पहिली कॉफी काचेच्या खोलीत जाऊ लागली. दुकानदार सेतुरामाच्या टेबलावरून सरळ पुढे जात, काचेवर टकटक करत, आणि छापील कागद घेऊन हसत बाहेर येत. वर ‘‘काय अय्या, बरं आहे ना?’’ असं विचारून जात, आजाऱ्याला विचारावं तसं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी बायको नागलक्ष्मी एकदा वाढता वाढता म्हणाली, ‘‘पोरगी हुशार हो, तुमच्याच घराण्याची.’’ रस्समचा असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. हेवा वाटत होता त्याला, सरळ शब्दांत सांगायचं तर. नातीच्या वयाची नसली तरी मुलीच्या वयाच्या पोरीचा हेवा, आणि त्याची लाज वाटली की तो आणखीच वाढायचा.

भाद्रपद जवळ आला तसा जिल्ह्याच्या साहेबांचा हुकूम आला. या महिन्याचं वाटप कॉम्प्युटरच्या यादीने. जमलं तर यापुढे तीच यादी कायम. नाही जमलं तर डबा परत, आणि वाटप पुन्हा सेतुरामाकडे. फक्त यादीखाली ‘तपासली, बरोबर आहे’ असं लिहून सही सेतुरामाची.

सुंदरी यादी घेऊन स्वतः त्याच्या टेबलाशी आली. ‘‘मामा, नीट बघा हो. मी इथली नाही. माझी नोकरी अजून कच्ची आहे, चुकलं तर घरी पाठवतील.’’

त्याने बघितली. गोविंदपुरमपाशी बोट थांबलं. तीस पोती उकडा, दहा पच्चरिसी. दर महिन्यासारखंच, वहीत होतं तसंच.

पण भाद्रपदात गोविंदपुरमला आराधनेचा उत्सव असतो. गावोगावचे भजनी येतात, आठ-दहा दिवस घराघरांत उतरतात, आणि एकदा उकडलेल्या तांदळाचा नैवेद्य देवाला चालत नाही. म्हणून सेतुराम दर वर्षी गोविंदपुरमची उकड्याची तीस पोती तिरुविडैमरुदूरला उतरवायचा आणि तिथली तीस पोती पच्चरिसी इकडे वळवायचा. तिकडे शेतावर राबणाऱ्यांना उकडाच हवा असायचा, दोन्ही गावं खूश. नियमात बसत नव्हतं म्हणून ही अदलाबदल कुठल्याच वहीत नव्हती. आणि डबा शिकला होता तो वह्यांवरून.

बोल की बाबा! दोन वाक्यांचं काम होतं. पण त्याला वाटलं, बघू दे एकदा सगळ्यांना, त्या डब्याला किती कळतं ते. पोरीची नोकरी जाईल हेही मनात आलं. आलं, आणि त्याने ते बाजूला सारलं.

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला आणि झोकात सही ठोकली.

आराधनेच्या आदल्या दिवशी गोविंदपुरमचा दुकानदार रामलिंग गोदामात येऊन थडकला. दुकानापुढे शंभर बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या आणि पच्चरिसी तासाभरात संपली होती. दुपारपर्यंत साहेबांची जीप आली. सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. सेतुराम आत शिरला तेव्हा त्याच्या मनात लाडू फुटत होते.

‘‘चूक माझी आहे, सार,’’ सुंदरी म्हणाली. मामाचं नाव तिने घेतलं नाही.

साहेब तिच्याकडे बघतही नव्हते. ‘‘सेतुराम, हा रामलिंग म्हणतो, दर वर्षी न मागता तुम्ही पच्चरिसी पाठवायचात. मशीनला माहीत नसेल. तुम्हाला तर होतं. सही कशी केलीत?’’

खोलीत एवढी थंडी, तरी सेतुरामाला घाम फुटला. माहीत होतं म्हणावं, तर देवाच्या कामात जाणूनबुजून खोडा घातला. रामलिंग समोर उभा होता, संध्याकाळच्या आत गोविंदपुरमभर झालं असतं. नोकरी गेली असती ती वेगळीच. दुसरं एकच उत्तर उरत होतं.

‘‘विसरलो, सार.’’

दारातले हमाल एकमेकांकडे बघायला लागले. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते मऊ झाले. ‘‘होतं असं. वय झालं तुमचं. म्हणूनच तर हे मशीन आणलंय.’’ मग त्यांनी सुंदरीला सांगितलं, ‘‘असं जे जे वहीत नाही ते दुकानदारांना विचारून आत घाल. पुढच्या महिन्यापासून सही तूच कर.’’

तिने तिथल्या तिथे रामलिंगाला बसवून घेतलं. कुठली पोती, कुठून, कुठल्या तिथीला, तो सांगत गेला आणि ती टाइप करत गेली. पाच मिनिटंही लागली नाहीत. लॉरी निघाली, साहेब गेले. सेतुराम अजून भिंतीशी उभाच होता.

सुंदरी उठून त्याच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. ‘‘मामा, मनाला लावून घेऊ नका. आमचे आजोबा पण असेच विसरायला लागले होते. मीच तुम्हाला एवढा त्रास द्यायला नको होता.’’

मला सगळं आठवतं गं, बासष्टच्या बासष्ट दुकानं आठवतात, असं ओरडावं म्हणून त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

तिने त्याचा दंड धरला आणि दारापर्यंत नेलं. ‘‘सावकाश हं, मामा,’’ ती म्हणाली, ‘‘इथे पायरी आहे.’’