आठ उन्हं

इकडे तिकडे शोधू नका, आज मी खिळ्यावर नाही. पलंगावर आहे, उजमाच्या उघड्या बॅगेशेजारी. मी सूप बोलतोय, दौलताबादच्या अख्तरी नानींचं सूप. निघायची गडबड आहे खरी, पण तुमच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय माझा पाय निघत नाही. आता सुपाला कुठले पाय, असं म्हणाल. म्हणा बापडे.

मला विणलं सांडूमामा बुरुडांनी. बांबूच्या कांब्या सोलताना ते एकसारखे पुटपुटत असत आणि काठ आवळताना शिव्या देत. त्या शिव्यांमुळेच माझा काठ इतका घट्ट बसला असावा. नानींनी मला विकत घेतलं तेव्हा बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज बरा हाय याचा." वस्तूचा आवाज पाहून घेणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढे कळलं, नानींचा सगळा कारभारच कानावर चालतो. नाना, म्हणजे कमरोद्दीनभाई, यांचं गावात धान्याचं दुकान होतं. शेतकरी तूर घेऊन आला की नाना पोत्यातून ओंजळभर दाणे काढून माझ्यात टाकत. नानी डोळे मिटून मला दोनदा आसडत. दाणा खळखळला तर माल वाळलेला. भदभद वाजला की नानी म्हणत, "अजून ऊन दाखव रे बाबा." मग कोणी कितीही शपथा घातल्या तरी नाना पोतं उतरवून घेत नसत. दाणा चावून बघणारे पुष्कळ होते, ऐकून सांगणाऱ्या नानी एकट्याच.

उजमा ही त्यांची नात. चाळीस दिवसांची असताना शेजारच्या गोजरबाईंनी तिला माझ्यात निजवून हलकेच पाखडलं होतं, बाळाची पीडा उडून जावी म्हणून. पीडा गेली की नाही ठाऊक नाही, पण पोरीनं मला भिजवून ठेवलं. तेव्हापासून ती माझी लाडकी.

नाना गेले, दुकान मिटलं. घरात पाकिटातली डाळ यायला लागली, निवडलेली, चकचकीत. मी खिळ्यावर गेलो. कधी लसणाची सालं, कधी वाळत घातलेल्या मिरच्या, एवढंच माझ्या वाट्याला. एकदा तर मांजरानं माझ्यात संसार थाटला. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

उजमा शेतकीची पदवी घेऊन चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागली होती. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "नानी, मी एक वर्ष आफ्रिकेत चालले. मलावीला. स्वयंसेवक म्हणून." तिथल्या एका डोंगरी गावात पुरानं घरोघरचं बियाणं वाहून गेलं होतं. चाळीस घरच्या बायका मिळून बियाण्याची सामाईक कोठी उभी करणार होत्या. त्यांना हात द्यायला ही जाणार.

"पगार?" नानींनी विचारलं.

"जेवणखाण, राहणं."

"म्हंजी फुकट. अन् इथं काय कमी पडलं तुला?" नानी आठ दिवस फुगून होत्या. निघायच्या दिवशी मात्र दारात तिचा हात धरून म्हणाल्या, "बी जपून ठिव. आठ उन्हं खाल्ल्याबिगर डब्यात घालू नको."

ते वाक्य उजमानं गाठीला बांधलं. तिथंच घोटाळा झाला.

ऑगस्टमधली दुपार होती. नानी नमाज उरकून बसल्या होत्या, गोजरबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मोबाईल वाजला. पडद्यावर उजमा, मागे पत्र्याच्या डब्यांची रांग. तिथंही तूरच पिकते म्हणे, तिला ते नांदोलो म्हणतात.

"नानी, बघ! मोजून आठ दिवस वाळवलं. आज सगळे डबे बंद करणार. इथं नोव्हेंबरात पाऊस लागतो, तेव्हा यातूनच चाळीस घरांची पेरणी."

तिच्या मागे एक म्हातारी बाई गोल टोपली हलवत होती आणि मान नकारार्थी डोलवत होती.

"ती बाई काय म्हनतीय?"

"त्या एस्नाती आंबुया. आंबुया म्हणजे आजी. दोन दिवस झाले, नको नको करतायत. म्हाताऱ्या माणसांचं असतं तसं."

नानींचा चेहरा बदलला. "मोबाईल तिच्या टोपलीजवळ धर. अन् तू गप ऱ्हा."

नानींचा डावा कान केव्हाच गेलेला. उजव्या कानाला त्यांनी मोबाईल घट्ट लावला. पलीकडे टोपली हलली. मग नानी उठल्या, कित्येक वर्षांनी मला खिळ्यावरून काढलं, मांजराचे केस झटकले आणि घरातल्या डब्यातली मूठभर वाळकी तूर माझ्यात टाकून आसडली. खळखळ. पुन्हा मोबाईल कानाला. तिकडून भदभद. मलाही स्पष्ट ऐकू आलं. हजारो कोसांवरची ती टोपली माझीच भाषा बोलत होती.

"वल्लं हाय गं!" नानी ओरडल्या. "नक्को बंद करू डब्बे! तिकडं ऊन कसंय?"

"धुकं असतं सकाळी. दुपारी थोडं…"

"या अल्ला. मी सांगितलं ते आपल्या उन्हाचं. इथं दगड तापतो. तू दिवस मोजीत बसलीस व्हय? त्या बाईचं ऐक—"

तेवढ्यात फोन कटला. लागेचना.

दोन दिवस नानींच्या घशाखाली घास उतरला नाही. उजमानं ऐकलं, पण मानलं की नाही, कुणाला ठाऊक! डबे बंद झाले असतील तर आतल्या ओलीनं बी कुजणार, आणि चाळीस घरं पेरणीच्या दिवशी रिकाम्या हातानं उभी राहणार. गोजरबाई म्हणत, "पोरगी शहाणी हाय, आक्का." नानी म्हणत, "शहाणीच चुकती. अन् चूक माझीबी हाय." मला त्यांनी खिळ्यावर टांगलं नाही, मांडीवरच ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. उजमा रडत होती आणि हसतही होती. एक डबा तिनं आधीच बंद करून ठेवला होता. तो उघडून हात घातला तर बी कोमट, वास आंबूस. तोच डबा घेऊन ती चाळीस बायकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी आहे, आंबुया दोन दिवसांपासून खरं सांगत होत्या. एका डब्याचं नुकसान झालं. बाकीचं बी पुन्हा पसरलं, आणि पुरे कधी म्हणायचं ते आंबुयांच्या टोपलीनं ठरवलं.

डिसेंबरात उगवलेल्या तुरीचे फोटो आले. नानींनी ते गोजरबाईंना इतक्या वेळा दाखवले की शेवटी त्या म्हणाल्या, "आक्का, आता शेंगा लागल्या की दाखवा."

वर्ष सरलं आणि उजमा परतली. सोबत आंबुयांनी पाठवलेली गोल टोपली, लिचेरो, म्हणजे तिथलं सूपच. विमानातून बी आणता येत नाही, म्हणून टोपलीत एक रंगीत कापड घडी करून ठेवलेलं.

"रिकामी टोपली द्यायची नसते, असं म्हणाल्या."

नानींनी कापडाची घडी उलगडली. "तिकडंबी तसंच हाय व्हय?"

आता उजमा आणखी एका वर्षासाठी निघाली आहे. या वेळी नानी फुगल्या नाहीत. सकाळपासून सुई घेऊन माझ्या कांब्यांमधला एकेक कण काढत होत्या, विमानतळावर कुणी अडवू नये म्हणून. मग ट्रंकेतली आपली निकाहातली ओढणी काढून त्यांनी माझ्यात घातली.

"नानी, हे सूप तुला लागेल ना," उजमा म्हणाली.

नानींनी ऐकलंच नाही. उजमानं मोठ्यानं पुन्हा विचारलं.

"त्या बाईला दे," नानी म्हणाल्या. "म्हणावं, अख्तरीचा दुसरा कानबी चालला. तुझा शाबूत हाय, तर याचं तू ऐक."

चेन ओढली जातेय. माझ्या खिळ्यावर आता लिचेरो आहे. दौलताबादला आलात तर नानींकडे जरूर जा, फक्त थोडं मोठ्यानं बोला. आणि ती टोपली कधी खाली उतरवलीत, तर मूठभर तूर टाकून त्यांच्या कानाजवळ एकदा हलवा. अगदी जवळ धरा.