बोंडल्याचा तोरा आणि उपाशी पिल्लू

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. हसू नका मित्रांनो! तुमच्यापैकी पुष्कळांनी माझं नावही ऐकलं नसेल, हे मला ठाऊक आहे. वाटीसारखं गोल पोट, वर उघडं तोंड आणि बाजूला एक निमुळती तोटी, असं माझं रूप. तान्ह्या बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, तोटी ओठांशी लावायची आणि कोमट दूध किंवा उगाळलेली गुटी थेंब थेंब पाजायची, हे माझं काम. बाळ कितीही द्वाड असो, माझ्यापुढे त्याची मात्रा चालत नसे.

काशीच्या ठठेरी बाजारात एका कारागिराने ठोकून ठोकून मला घडवलं. तेव्हा फार दुखलं. पण दूधविनायकच्या गल्लीतल्या एका मराठी घरात पोहोचलो आणि सगळं विसरलो. त्या घरात नुकतीच प्रमोदिनी जन्मली होती. काय सांगू तिचे प्रताप! घोट घ्यायची आणि फुर्रकन अंगावर उडवायची. पण मीही काही कमी नव्हतो. चार दिवसांत ती अशी वळणावर आली, की मला पाहिलं की हातपाय नाचवू लागे. पुढे तिचा धाकटा भाऊ सुमंत आला. तोही माझ्याच तोटीने वाढला. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "बोंडलं मोठं गुणाचं हो तुमचं!" ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. सुमंतची मुलगी ईशानी बाटलीने दूध प्यायली आणि मी फडक्यात गुंडाळून कपाटात गेलो. काळा पडलो. कोणी आठवणही काढेना. मित्रांनो, उपयोग संपला की घरातलीच माणसं परकी होतात, असं मला तेव्हा वाटायचं.

पण आले देवाजीच्या मना! यंदा चैत्रात ऊन तापू लागलं, तेव्हा सुमंतने खिडकीबाहेरचा कूलर साफ करायला घेतला. आत काड्यांचं घरटं होतं. जुनं, रिकामं असेल असं समजून त्याने ते ओढून काढलं.

"बाबा, थांबा! त्यात कोणीतरी आहे!" ईशानी ओरडली.

तोवर उशीर झाला होता. घरटं विस्कटलं होतं आणि पारव्याचं एक पिल्लू फरशीवर पडलं होतं. त्याचे आईबाप फडफडत उडाले, ते परत फिरकलेच नाहीत. पिल्लाला ना रूप ना रंग. अंगावर पिवळट लव, अर्धवट उघडे डोळे आणि देहाच्या मानाने भलीमोठी चोच. ईशानीने त्याला कापसात ठेवलं. पुढे भाताची शितं टाकली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चमच्याने दूध लावलं, तर मान फिरवली.

तेव्हा प्रमोदिनी पुढे आली. आता ती ईशानीची आत्या आहे, शाळेतून निवृत्त झाली आहे आणि चष्मा लावते. ती ईशानीच्या आईला म्हणाली, "मालविका, कपाटातलं बोंडलं काढ गं. मी काय कमी छळलं होतं? पण बोंडल्यापुढे मीसुद्धा हरले."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मालविकाने रांगोळीने घासून मला लख्ख केलं. कोमट दूध ओतलं. आत्याने पिल्लाच्या चोचीशी माझी तोटी लावली आणि सवयीने म्हणू लागली, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा..."

"आत्या, ये तो खुद ही चिऊ है!" ईशानी खुदकन हसली.

"बरं बाई, मग हा घास ईशानीचा."

पण पिल्लाने चोच घट्ट मिटली. आत्याने ती बोटांनी किंचित उघडून दूध सोडलं, तर ते नाकात गेलं. बिचारं धापा टाकू लागलं. मानेवरून ओघळलेल्या दुधाने भिजून थरथरू लागलं. ईशानीने त्याला झटकन उचलून घेतलं. माझा सगळा तोरा क्षणात उतरला. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते असं.

त्या रात्री ईशानी जेवली नाही. सकाळी सुमंतने तिच्या आवडीची कचौडी-जलेबी आणली. तिने हातही लावला नाही.

"चूक माझी आहे, बेटा," सुमंत तिच्याजवळ बसून म्हणाला. "तू का उपाशी राहतेस?"

"मैं गुस्सा नहीं हूँ, बाबा. पण तो भुकेला आहे ना, मला घासच उतरत नाही."

मालविकाचे डोळे भरून आले. पिल्लाची मान आता लुळी पडू लागली होती. हे पिल्लू गेलं, तर या पोरीच्या मनाला ते कायमचं लागेल, हे सगळ्यांना कळत होतं. आणि मी? मी ताटाशेजारी नुसता चकाकत बसलो होतो. अशा चकाकण्याला काय चाटायचंय?

पिल्लाला ऊब मिळावी म्हणून ईशानी त्याला कोवळ्या उन्हात गच्चीवर घेऊन गेली. मला आत्याने बरोबर आणलं होतं. समोरच्या घराच्या कठड्याखाली दुसऱ्या एका पारव्याचं घरटं होतं. तेवढ्यात त्या घरट्यातल्या पिल्लांची आई आली. तिने चोच उघडली, आणि काय आश्चर्य! एका पिल्लाने आपली चोच थेट तिच्या घशात खुपसली. ईशानी दचकली. तिला वाटलं, आई पिल्लाला गिळतेच आहे! पण पिल्लू मान हलवत गटागटा खात होतं.

"आत्या, देखो देखो! आई याच्या तोंडात नाही घालत. हाच तिच्या तोंडात चोच घालतो!"

आत्या बघतच राहिली. "अगं बाई! म्हणजे आपण सगळं उलटंच करत होतो. आणि दूध तरी कशाला पाजलं मी! याची आई काय गाय आहे?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं! माणसाच्या बाळाचे लाड आम्ही पाखरावर लादले होते. आत्याने खाली जाऊन भराभरा भाजक्या चण्याचा सत्तू चाळला आणि कोमट पाण्यात पातळ कालवून वर आणला. तो माझ्यात भरला. मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा माझ्या उघड्या तोंडावर ताणून दोऱ्याने बांधला आणि मधोमध छोटी चीर दिली. माझी लाडकी तोटी बोटाने दाबून बंद केली! पण खरं सांगतो, मला मुळीच वाईट वाटलं नाही. मी नुसता जीव मुठीत धरून बसलो होतो.

ईशानीने पिल्लाची चोच अलगद त्या चिरेत सरकवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याची मान हलली. एकदा, पुन्हा एकदा. आणि पठ्ठ्या असा ढोसू लागला, की मी हातात डुगडुगू लागलो! त्याच्या गळ्याखालची पिशवी हळूहळू भरली.

"बस आता," आत्याने मला बाजूला केलं. "अति तिथे माती. थोड्या वेळाने पुन्हा देऊ."

ईशानी जिन्याकडे धावली. "आई, भूक लगी है! कचौडी उरलीय का?"

आत्या मला घेऊन खाली आली, तेव्हा मालविका हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. सुमंतने मात्र स्वतःच्या हाताने लेकीला भरवलं.

त्यानंतर दिवस सुखाचे गेले. पिल्लाला करडे पंख फुटले, मानेवर हिरवी झाक आली. मग एका सकाळी त्याने पुन्हा माझ्याकडे पाठ फिरवली. ईशानी घाबरली. पण ते टुणकन खाली उतरलं आणि परातीतले बाजरीचे दाणे आपले आपण टिपू लागलं. ईशानीने टाळ्या पिटल्या. मला क्षणभर चुटपुट लागली आणि लगेच हसू आलं. प्रमोदिनीने असंच केलं होतं, सुमंतनेही. माझ्यावाचून त्यांचं अडेनासं झालं, म्हणजे माझं काम नीट झालं, एवढी साधी गोष्ट कपाटातल्या अंधारात मला उमगली नव्हती. आता ते पाखरू पंचगंगा घाटाच्या बाजूला उडून जातं आणि मनात आलं तर गच्चीवर येतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अन्न नाकारलं, मग ते पाखरू असो, आजारी आजोबा असोत की रुसलेला धाकटा भाऊ, तर रागावू नका आणि जबरदस्तीने तोंड उघडू नका. आधी त्याला ऊब द्या. मग जरा शांत बसून, त्याला कसं खायला जमतं ते बघा, आणि तुमची रीत बाजूला ठेवून त्याच्या रीतीने भरवा.