मिस्टर पी. पी. आहेत का?

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. गोल तबकडीचा, राखाडी रंगाचा आणि अंगाने चांगला भारदस्त. तुमच्या आईबाबांच्या खिशात जो मोबाइल असतो, तो नात्याने माझा नातू लागतो. पण आजोबांना नमस्कार करायची पद्धत त्याच्या पिढीत राहिलेली नाही. असो. आज तुम्ही माझ्यावरचा क्रोशाचा रुमाल बाजूला केलाच आहे, तर माझी कहाणी ऐकूनच जा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात घंटी बसवल्यावर तपासनीसाने ती वाजवून पाहिली आणि शेजारच्याला म्हणाला, "याचा आवाज खणखणीत आहे." तेवढी शाबासकी घेऊन मी गोदामात पडून राहिलो. मी बाहेर पडेपर्यंत बाजारात बटणांचे फोन आले होते. १९९७ साली मी विरार पूर्वेला, चंदनसारच्या नवजीवन इमारतीत, तळमजल्यावरच्या शांतारामकाकांच्या घरी पोहोचलो. काकांनी फोनसाठी अर्ज केला तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते. मी आलो तेव्हा त्यांनी टोपी काढून मला नमस्कार केला आणि मला त्यांचं टक्कल दिसलं.

आशालताकाकूंनी मला कुंकू लावलं आणि समोर पेढा ठेवला. काकांनी तबकडीला एक छोटं कुलूप लावलं. "येणारे फोन कोणाचेही येऊ देत," ते म्हणाले, "जाणारे फोन मला विचारून." मला थोडं वाईट वाटलं. घरात आल्या आल्या पाहुण्याच्या तोंडाला कोणी कुलूप लावतं का?

सगळ्या इमारतीत मी एकटाच फोन होतो. आणि इमारत होती चार मजल्यांची, लिफ्टशिवाय, कोकणातून आणि मुंबईच्या चाळींतून आलेल्या नोकरदार कुटुंबांनी भरलेली. त्या वर्षांत त्यांच्या प्रत्येक घरात एक तरी मूल कॉम्प्युटर शिकत होतं. स्टेशनजवळच्या क्लासच्या पाट्या दर महिन्याला वाढत होत्या. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार, असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते सरळ करायला कंपन्यांना माणसं हवी होती. ज्याने कॉम्प्युटर नुसता पुसला असेल, तोही बायोडेटा पाठवू लागला.

या सगळ्या बायोडेटांवर नंबर होता माझा! नंबरापुढे दोन अक्षरं असत: पी. पी. फोन आपला नाही, शेजाऱ्यांचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. कंपन्यांतल्या मॅडमना मात्र ठाऊक नव्हतं.

"मिस्टर पी. पी. आहेत का?" पहिल्या मॅडमनी विचारलं.

"इथे पिपी कोणी वाजवत नाही," काकू म्हणाल्या, "आम्ही थाळी वाजवतो." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

थाळीचं म्हणणं खरं होतं. पाण्याचा टँकर आला की काकू खिडकीत उभ्या राहून कालथ्याने थाळी बडवत. मी आल्यावर फोनसाठीही तीच थाळी सुरू झाली. फक्त टँकरला नुसती थाळी, आणि फोनला थाळीबरोबर नावाची हाक. पण वरच्या मजल्यांपर्यंत थाळी पोहोचायची, नाव वाटेतच विरायचं.

आता घोडं कुठे अडलं ते ऐका. तेव्हा मुंबईहून विरारला एसटीडी पडायचा, म्हणजे परगावचा महागडा कॉल. मॅडम लोकांना घाई असे. "होल्ड नाही करता येणार," असं म्हणून त्या थोडा वेळ थांबत आणि खट्‌कन ठेवून देत. त्यामुळे झालं असं, की तळमजल्यावरची मुलं भराभर नोकरीला लागली. पहिल्या मजल्यावरची क्षितिजा, आमच्या अगदी डोक्यावर राहणारी, एका हातात वेणी धरून धावत आली आणि तिलाही नोकरी लागली. दुसऱ्या मजल्यावरचे काही लागले, काही राहिले. चौथ्या मजल्यावरचं कोणीच नाही. डोकं, मार्क, सर्टिफिकेट काही विचारू नका. नवजीवनमध्ये नोकरी मजल्यावर मिळत होती.

चौथ्या मजल्यावर विघ्नेश राहायचा. मुलगा हुशार, पण नशीब फुटकं. वडिलांची कंपनी बंद पडली होती आणि घरात मिळवतं कोणी नव्हतं. एकदा त्याचा फोन आला. काकूंनी थाळी बडवली, ओरडून ओरडून घसा बसवला. विघ्नेश खाली पोहोचला तो दोन्ही हातांत बादल्या घेऊन आणि कानाला साबण लागलेला.

"टँकर कुठाय?"

"अरे टँकर कसला, तुझा फोन!"

त्याने रिसीव्हर उचलला. आत नुसती टूंऽऽ. तो बादली पालथी घालून माझ्याशेजारी बसून राहिला. मला हात असते तर मी त्याच्या पाठीवरून फिरवला असता. पण मला येतं फक्त वाजायला, आणि वाजणं काही माझ्या हातात नाही.

काकूंच्या मनाला ती गोष्ट फार लागली. महिन्याभराने दुसऱ्या एका कंपनीचा फोन आला. काकूंनी थाळी बडवली, हाक मारली आणि घाईने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"मॅम, एसटीडी कॉल आहे. मिस्टर पी. पी. विघ्नेश नसतील तर मी—"

"आहे हो, निघालाय. तुमचं गाव कुठलं?"

मुलाखती घेणाऱ्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारलेला नसावा.

"सॉरी?"

"गाव हो, गाव!"

"मिरज," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं इंग्रजी तिथेच उतरलं.

"अगो बाई! मिरजेला माझी नणंद दिलीय. मग इथे कोणाकडे राहता? एकट्या? जेवणाचं काय करता?"

"डबा लावलाय." मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "आमटीत नुसतं पाणी असतं हो, काकू."

मित्रांनो, माझ्या तारेतून तोवर किती तरी बोलणी गेली होती. पण नोकरी देणारं माणूस नोकरी मागणाऱ्याच्या शेजारणीपाशी आमटीचं दुःख सांगतंय, असं मी पहिल्यांदाच ऐकलं. विघ्नेश आला तेव्हा मॅडम दोडक्याच्या भाजीपर्यंत पोहोचल्या होत्या. या वेळीही त्याच्या हातात बादली होतीच.

"हा आला बघा," काकू म्हणाल्या. "आधी याला नोकरी द्या, मग आपण बोलू."

विघ्नेशला नोकरी लागली. तेव्हापासून 'तुमचं गाव कुठलं?' हा काकूंचा मंत्रच झाला. कोल्हापूर, नाशिक, एकदा तर थेट कानपूर. काकूंचं हिंदी ऐकून कानपूरच्या साहेबांना इतकं हसू आलं, की चौथ्या मजल्यावरून आजोबा उतरले असते तरी चाललं असतं. चौथ्या मजल्याचं ग्रहण सुटलं. पेढ्यांचा पहिला मान माझा असायचा. मी खात नसे, पण मान घेत असे.

पुढे दोन हजार साल आलं, कॉम्प्युटर काही गोंधळले नाहीत, आणि थोड्याच दिवसांत कंपन्यांना एवढी माणसं नकोशी झाली. मी गप्प पडलो. मग रात्रपाळीच्या कॉल सेंटरवाल्यांचे फोन सुरू झाले. "विरार? फार लांब आहे, आमची गाडी तिथपर्यंत येत नाही," ते म्हणत. "लांब तुम्हाला," काकू सुनावत, "आम्हाला इथेच आहे!"

आणि मग आला माझा नातू. इमारतीतला पहिला मोबाइल विघ्नेशनेच घेतला. मला दाखवायला घेऊन आला, माझ्याशेजारी ठेवला, आणि तो मेला माझ्याच घरात माझ्यापेक्षा मोठ्याने वाजला. हळूहळू मोबाइल घरोघर आले. क्षितिजा लग्न होऊन पुण्याला गेली. शांतारामकाका वारले, आणि माझ्या कुलपाची किल्ली कुठे ठेवली ते सांगायचं त्यांचं राहून गेलं. काकूंनी कुलूप तोडू दिलं नाही. "त्यांनी लावलंय," म्हणाल्या. मला त्यांनी क्रोशाचा रुमाल घातला. धूळ बसू नये म्हणून असेल, पण घंटी दबते हो त्याने. वाजतोय कोण म्हणा.

२००९ साल उजाडलं. एका सकाळी दार वाजलं. दारात विघ्नेश, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात जेवणाचा डबा.

"काकू, जरा बसू का?"

तो जरा बसला तो संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी काकूंनी सरळ विचारलं, तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितलं. परदेशात कुठल्याशा बँका बुडाल्या होत्या आणि इथे त्याच्या कंपनीने माणसं कमी केली होती. बायकोला, विनिताला, सांगायची हिंमत नव्हती. लेकीची शाळा, घराचे हप्ते. मोबाइल घरात वाजला की विनिताच उचलायची, म्हणून त्याने नव्या अर्जांवर माझा नंबर दिला होता. पुढे तीच दोन अक्षरं: पी. पी.

खोटं कशाला सांगू, मित्रांनो, आधी मला आनंदच झाला. मला पुन्हा काम मिळालं होतं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि स्वतःची लाज वाटली. काकूंनी रुमाल काढला, मला ओल्या फडक्याने पुसलं. तो रोज तळमजल्यावर कामाला यायचा, डबा खायचा, वर काकू त्याला आंब्याचं लोणचं वाढायच्या, आणि आम्ही तिघं मिळून वाट पाहायचो. मी वाजत नव्हतो. काकूंनी दोनदा रिसीव्हर उचलून टूंऽऽ येतेय ना, ते पाहिलं. मीही मनातल्या मनात घंटी साफ करून ठेवली होती.

फोन आला तो नेमका शनिवारी. शनिवारी विघ्नेशला सुट्टी असल्याचं नाटक करून वर घरी बसावं लागे.

"विघ्नेश पी. पी. आहेत का?" पलीकडून बाईंचा आवाज आला.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. चौथा मजला! थाळी कुठाय? त्यांनी फळीवरून ती ओढून काढली आणि सगळ्या ताकदीने बडवली. "विघ्नेऽऽश! फोऽऽन!" आणि धापा टाकत रिसीव्हर धरला.

"निघालाय हो बाई, ठेवू नका. तुमचं गाव कुठलं?"

"तुमच्याच डोक्यावरचं, काकू. पहिला मजला."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "क्षितिजा?"

क्षितिजाच होती. पुण्याच्या एका कंपनीत, तिच्या मुंबईच्या ऑफिसासाठी माणसं नेमायचं काम आता तिच्याकडे होतं. समोर आलेल्या ढिगात तिला माझा नंबर दिसला होता.

इकडे जिन्यात हलकल्लोळ. इतक्या वर्षांनी थाळी वाजल्यामुळे टँकर आला समजून निम्मी इमारत हंडे-कळश्या घेऊन खाली धावली होती. विघ्नेश त्या गर्दीतून वाट काढत दारात पोहोचला. त्याच्यामागे बादली घेतलेली विनिता.

"टँकर नाही?" तिने विचारलं. विघ्नेशची पाचावर धारण बसली. "विनिता, मी तुला सांगणारच होतो—"

"दोन महिने डबा मी भरतेय," ती म्हणाली. "रोज त्याला काकूंच्या लोणच्याचा वास येतो. तुमच्या ऑफिसात काकू लोणचं घालतात का?" तिचे डोळे भरले होते. "फोन घ्या आधी."

विघ्नेशने रिसीव्हर कानाला लावला. दम लागला होता. पलीकडून क्षितिजा म्हणाली, "पळत कशाला आलास रे? मी ठेवणार नव्हते."

तो रडला. हंडे-कळश्या घेतलेली माणसं दारात उभी होती आणि त्यांच्यातलं कोणी हललं नाही. पुढे मुलाखत झाली, नोकरी मिळाली. पगार आधीपेक्षा कमी होता. विनिता म्हणाली, चालेल, पण डबा आता कामावरच न्या.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. मोठेपणी तुमच्यातल्या कोणाच्या हाती दुसऱ्याला नोकरी द्यायचं काम येईल. तुम्ही फोन लावाल आणि पलीकडून कोणी म्हातारी म्हणेल, "थांबा हो, निघालाय." तेव्हा थोडं थांबा. तो कितव्या मजल्यावरून येतोय, ते आपल्याला ठाऊक नसतं. वेळ जात नसेल तर म्हातारीला तिचं गाव विचारा.

आणि जाताना तो रुमाल माझ्यावर पुन्हा घालू नका. घंटी वाजली तर आधी काकूंना ऐकू यायला हवी, थाळीचं नंतर बघू.