चूलबंद आमंत्रण

शांतवन भिंगारदिवे यांना आयुष्यात दोन गोष्टींची भारी हौस. माणसं जमवायची, आणि जमलेल्या माणसांनी आपल्याला वाखाणायचं. बत्तीस वर्षं नगरला मास्तरकी करून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि राजूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांनी तीन खोल्यांचं घर बांधलं. पुढं पडवी, पडवीतून अख्खं खोरं दिसायचं. नगरला बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की हातातली पिशवी खाली ठेवून ते त्या पडवीचं वर्णन सुरू करायचे, आणि ऐकणारा बिचारा स्वतःच्या पिशवीतल्या कोथिंबिरीकडं बघत उभा राहायचा.

घर बांधलं म्हणजे पैसे त्यांनी घातले. उभं केलं ते बन्सी भांगऱ्यानं. बन्सीचं घर उतारावर खाली, हाकेच्या अंतरावर. गवंडी कोणता चांगला, झऱ्यावरून पाईप कसा ओढायचा, पावसाळ्यात कुठली भिंत भिजेल, हे सगळं त्यानं पाहिलं. बांधकामाचे आठ महिने शांतवनराव दर आठवड्याला यायचे आणि दर खेपेला बन्सीकडंच जेवायचे. त्याची बायको रंगुबाई तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण वाढायची. "लाजू नका गुरुजी, घर तुमचंच हाय," म्हणायची. गुरुजी लाजायचे नाहीत. तिसरी भाकरी हमखास मागायचे.

त्यामुळं नाताळच्या आठ दिवस आधी सामानसुमान ठेवायला ते वर आले, तेव्हा बांधावर बन्सी दिसताच त्यांना उमाळा दाटून आला. नगरची मित्रमंडळी नाताळच्या दुसऱ्या दिवशी इथं जेवायला येणार होती. त्या आनंदात ते वरूनच ओरडले, "बन्सीभाऊ, सव्वीस तारखेला तुमची चूलबंद आमच्याकडं!"

बन्सीनं हातातला कोयता खाली ठेवला. "समद्या घराची?"

"समद्या घराची. मावशींपासून बारकीपर्यंत." मावशी म्हणजे बन्सीची म्हातारी आई गोजरबाई, बारकी त्याची धाकटी नात.

"मग ठरलं गुरुजी," बन्सी म्हणाला आणि त्यानं डोक्याची टोपी नीट केली.

आता चूलबंद आमंत्रण म्हणजे 'या हं कधीतरी' नव्हे. ते ज्या घराला मिळालं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळे आमंत्रण देणाऱ्याकडं जेवतात. आणि त्याला आणखी एक अंग असतं. पानं मांडून झाली की यजमानाच्या घरचं माणूस बोलवायला येतं, त्याआधी पाहुणा उंबरा ओलांडत नाही. न बोलावता जाऊन बसणाऱ्याला लोक हावरा म्हणतात. शांतवनरावांना हे माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. ते शेवगावकडच्या खेड्यात वाढलेले, त्यांनी तो शब्द जाणूनबुजूनच काढला होता, कारण नुसत्या 'जेवायला या'पेक्षा तो तोंडात भरतो.

सव्वीस तारखेला त्यांची बायको दीना पहाटेपासून चुलखंडाशी होती. मटणाचा रस्सा, भाकरी, भात, नगरहून आणलेल्या करंज्या आणि केक. मित्रमंडळी सहा धरली होती. बन्सीकडची सात माणसं मोजून तिनं त्यांच्या वाटणीचं मटण वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवलं. "पहिली पंगत उठली की त्यांचं कमी पडायला नको," ती म्हणाली. दीना कमी बोलते, पण तिचा हिशेब कधी चुकत नाही.

बारा वाजता दोन गाड्या वर आल्या आणि त्यांतून सहाच्या जागी अकरा माणसं उतरली. जॉय शांतवनरावांचा शाळेपासूनचा मित्र, पुण्याला बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यानं आपल्या बँकेतलं एक पाच जणांचं कुटुंब सोबत आणलं होतं, 'डोंगरातलं घर दाखवायला'. शांतवनरावांची छाती फुगली. जॉयनं पडवीत उभं राहून खोऱ्याकडं पाहिलं, "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला, आणि मग सहज विचारलं, "आज आपली आपणच ना? गावातलं कुणी बोलावलं नाहीस ना? मागं एकाच्या फार्महाऊसवर गेलो तर अर्धा गाव पंगतीला. धड गप्पा होईनात."

यावर 'खालचं एक घर येणार आहे, माझी घरचीच माणसं आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. जॉय काही वाईट माणूस नव्हता, त्यानं मान डोलावली असती. पण बँकेतली ती नवी मंडळी शांतवनरावांच्या घराकडं, नव्या काचेच्या ताटांकडं कौतुकानं बघत होती. त्यांच्या शेजारी बन्सीची मळकी टोपी, गोजरबाईचं नऊवारी आणि बारकीचं वाहतं नाक शांतवनरावांना नजरेसमोर दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं, "छे छे! इथं कोण येतंय?"

एकदा खोटं बोललं की त्याला दुसरं जोडावं लागतं. एक वाजता दीनानं विचारलं, "बन्सीभाऊंना बोलवायला जाताय ना?"

"हो हो, निरोप दिलाय," ते म्हणाले, आणि रस्सा वाढायला लागले.

जेवण रंगलं. कुणी नाताळची गाणी म्हटली, जॉयनं डब्यावर ठेका धरला. डोंगराच्या हवेत माणसाला दुप्पट भूक लागते, हे स्वतः शांतवनरावच सगळ्यांना सांगत होते. दोनच्या सुमाराला मोठं पातेलं संपलं. बँकेतल्या साहेबांचा रिकामा वाडगा यजमानांना बघवेना. ते आत गेले.

"ते दुसरं काढ."

"ते बन्सीभाऊंचं आहे."

"इतका वेळ झाला, आले नाहीत ना? घरी खाल्लं असेल काहीतरी. संध्याकाळी करंज्या पाठवू."

दीनानं त्यांच्याकडं पाहिलं. मग पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पाठ फिरवली. पाहुण्यांदेखत ती नवऱ्याशी भांडणारी नव्हती. बन्सीनं घरी काही खाल्लेलं नाही, हे शांतवनराव पक्कं जाणून होते. मुद्दामच त्यांनी उतारावर नजर टाकली नाही, कारण तिथून धूर निघत नसल्याचं दिसलं असतं.

साडेचारला रूथ, म्हणजे जॉयची बायको, म्हणाली, "चला, जरा पाय मोकळे करू. खाली ओढा आहे ना?" ओढ्याची वाट बन्सीच्या अंगणातूनच जाते. शांतवनरावांनी ऊन आहे म्हटलं, काटे आहेत म्हटलं, वाटेत साप निघतात असंसुद्धा म्हणून बघितलं. डिसेंबरातल्या सापाला कोण भितं? मंडळी निघालीच.

अंगण ताजं सारवलेलं होतं. भिंतीला टेकून सगळं घर ओळीनं बसलेलं. बन्सी धुतलेल्या सदऱ्यात. मुलगा ज्ञानेश्वर, त्याची बायको आरती, तिच्या अंगावर लग्नातली साडी. आरतीच्या मांडीवर धाकटी बारकी, गालांवर सुकलेल्या आसवांचे ओघळ. थोरली हातात एक शेंग घेऊन ती फोडावी की ठेवावी या विचारात. आणि सगळ्यांच्या मध्ये ऐंशी ओलांडलेली गोजरबाई, नव्या लुगड्यात, काठी गुडघ्यावर आडवी ठेवून. उघड्या दारातून आत चूल दिसत होती, स्वच्छ पोतारलेली, राखेचा कणही नसलेली.

शांतवनरावांना त्यांचे आजोबा आठवले. गावच्या लग्नात ते असेच मांडवाबाहेर ओळीनं बसायचे, सगळ्या पंगती उठेपर्यंत. मग उरलंसुरलं मिळायचं. वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी उठून बाहेर जायचे. आणि आज त्याच आजोबांच्या नातवानं माणसं तशीच बसवून ठेवली होती, वर उरलंसुरलंसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं, असं नुसतं म्हणतात. त्या क्षणी ते खरोखर पायाखाली बघत होते.

पाहुण्यांचा एवढा घोळका बघून बन्सी लगबगीनं उठला. "आलाव का बोलवायला? आन् समद्यांना घिऊन! एवढं कशापायी गुरुजी? एक हाक मारली असती तरी आलो असतो."

"म्या म्हनलं हुतं फोन लावा," ज्ञानेश्वर पुटपुटला.

"जेवाया कवा येऊ म्हनून कोन इचारतं रं?" बन्सी त्याच्यावर खेकसला.

गोजरबाई काठी टेकून उभी राहिली. "चला गं, उठा. मास्तर आलाय." तिनं पुढं येऊन शांतवनरावांचं मनगट धरलं. हात गार होता.

जॉय एकदा त्या चुलीकडं बघत होता, एकदा मित्राकडं. तोही खेड्यातलाच. त्याला कळायला लागलं होतं.

पण सगळ्यांत आधी कळलं ते बन्सीला. त्यानं शांतवनरावांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, पाहुण्यांच्या तृप्त चेहऱ्यांकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं, आणि मग त्यानं ते पुन्हा आणलं.

"आये, बस तू खाली," तो म्हणाला. "तारखेत माझाच घोळ झाला. आपलं बोलावनं उद्याचं हाय. आज पावनं लई हायती गुरुजींकडं." आणि मागं न बघता बायकोला म्हणाला, "चूल पेटव."

रंगुबाई उठली. काड्यापेटी ओढल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"हो," शांतवनराव म्हणाले. "उद्या." त्यांनी ते म्हटलं. बन्सीनं त्यांची अब्रू झाकायला स्वतःचं धोतर सोडून दिलं होतं, आणि ते त्यांनी मुकाट्यानं अंगावर ओढून घेतलं. जाताना जॉयनं हात मिळवला नाही, गाडीत बसून नुसतं, "येतो," म्हणाला.

त्या रात्री दीनानं फक्त एक वाक्य उच्चारलं. "निरोप दिलाय म्हणाला होतात."

दुसऱ्या दिवशी उजाडताच शांतवनराव राजूरला गेले, मटण आणलं, कांदे स्वतः चिरले. दीनानं सात ताटं मांडली. अकराच्या सुमाराला ते खाली गेले तेव्हा बन्सीच्या छपरातून धूर निघत होता.

"बोलवायला आलोय, बन्सीभाऊ. ताटं मांडलीत."

बन्सी कुदळीला दांडा बसवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "ते मी पावन्यांसाठी बोललो हुतो गुरुजी. आमची जेवनं झाली सकाळीच." मग आत वळून म्हणाला, "गुरुजींना चा टाक गं."

भांडला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडल्या असत्या तर शांतवनरावांनी त्या खाली मान घालून ऐकल्या असत्या. पण रंगुबाईनं कपबशी आणून दिली, आणि 'लाजू नका' हे शब्द तिनं आज उच्चारले नाहीत. तो चहा त्यांना प्यावा लागला.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. गोजरबाई कालच्याच नव्या लुगड्यात दारात उभी होती. "म्या न्हाई जेवले," ती म्हणाली. "आज बोलावनं हाय म्हनला हुतास ना तू बन्सी? मग मी कशी खाईन?"

बन्सीनं दांडा खाली ठेवला. शेवटी तो म्हणाला, "जा. पर सांभाळून चढ."

चढ तीनशे पावलांचा. म्हातारी दर दहा पावलांवर थांबायची. निम्म्या वाटेवर शांतवनरावांना राहवलं नाही. ते म्हणाले, "मावशी, बन्सी खोटं बोलला. आमंत्रण कालचंच होतं. मी बोलवायला आलो नाही. तुमच्या वाटणीचं पाहुण्यांना वाढलं."

म्हातारीनं ऐकलं की नाही ते कळेना. ती काठीवर भार देऊन धापा टाकत होती. मग तिनं पुन्हा त्यांचं मनगट धरलं आणि चढायला लागली.

पडवीत सात ताटं मांडलेली होती. त्यांतल्या एकाशी ती बसली. दीनानं वाढलं. शांतवनराव समोर उभे राहिले. बसायचं धाडस होईना. म्हातारीनं भाकरी रश्श्यात कुस्करली, चार घास सावकाश खाल्ले, शेजारच्या रिकाम्या ताटांकडं एकदा पाहिलं.

"बारकी काल लई रडली रं," ती म्हणाली.

आणि तिनं ताट पुढं केलं. "भात वाढ."

शांतवनरावांनी वाढला.